रीवर्क

शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सांगायचं आहे.
फार्मसीची सीट ठेवायची,
की सोडून पुन्हा एकदा नीट.

अकरा मार्क. म्हणजे धड तीन प्रश्नसुद्धा नाहीत.
कॅनडा कॉर्नरच्या क्लासमध्ये सोनवणे सरांनी
कॅल्क्युलेटरवर फीची सूट काढून दाखवली,
आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणाले,
ड्रॉपर बॅचचा फॉर्म आण रे.

ड्रॉपर म्हणजे आमच्या घरी
आईच्या डोळ्यांत थेंब टाकायची नळी.
ऑपरेशन झाल्यापासून रात्री दहाला मीच टाकते.
एक डोळ्यात जातो, एक गालावर.
आई म्हणते, गालावरचा मोजू नकोस.

प्रांजल देवरेनं वर्ष दिलं, धुळ्याला लागली.
निकहतनं वर्ष दिलं, आधीपेक्षा चौदा कमी पडले.
दोघी एकाच बाकावर डबा खायच्या.
दोघी मला फोनवर एकच वाक्य म्हणाल्या:
तुझं तू बघ, चारू.

बाबा अंबडला क्वालिटीत आहेत.
आमच्या लाइटबिलांवर वजन म्हणून
त्यांनी आणलेला एक जुना प्लग गेज असतो.
एका टोकावर गो, दुसऱ्यावर नो-गो.
भोकात गो जायलाच हवा.
नो-गो जाता कामा नये.
लहानपणी मी त्यानं लाटण्याचा खेळ खेळायचे.
मी विचारलं, हा घरी कसा?
म्हणाले, झिजला.
यानं पास केलेले सातशे जॉब परत मोजावे लागले.
मापालासुद्धा दर सहा महिन्यांनी
मापून घ्यायला पाठवतात, तुला काय वाटलं?

मग बराच वेळ ते बूट पुसत राहिले.
लाल ट्रे स्क्रॅपचा. पिवळा रीवर्कचा.
रीवर्क केलं की थोडं मटेरियल जातंच,
ते काही परत येत नाही.
पण जॉबला कुणी विचारत नाही
तुला कुठल्या ट्रेत जायचंय म्हणून.
तुला विचारतोय.

मला राग आला. विचारू नये, असं वाटलं.

गुरुवारी गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं.
पुलावर अख्खं नाशिक उभं,
आणि जो तो एकच विचारतोय,
दुतोंड्याच्या कुठवर आलंय?
गुडघ्याला होतं सकाळी. आता कमरेला.
मागे एकदा गळ्याशी आलेलं, कुणीतरी सांगत होतं,
आपल्याच घरातला पराक्रम असल्यासारखं.
एका तोंडानं तो येणारं पाणी बघत असेल,
दुसऱ्यानं गेलेलं.
मला एकच तोंड, तेही चार दिवस न धुतल्यासारखं.

घाटावरच्या भेळवाल्यानं गाडी
वर सराफ बाजाराच्या तोंडाशी आणून लावली होती.
चाकांना विटा लावून तो कांदा चिरत होता.
तिखट, मध्यम, की गोड?
तीनच पर्याय. निगेटिव्ह मार्किंग नाही.
तिखट, म्हणाले.
इतक्या दिवसांत पटकन दिलेलं हे पहिलं उत्तर.
डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीचं होतं बहुतेक.

शुक्रवारी पावणेपाचला फी भरली.
फार्मसीची.
बाबांना फोन केला तर मागं मशिनचा आवाज,
ते दोनदा म्हणाले, काय? काय?
आणि तिसऱ्यांदा, बरं.
बरं म्हणजे बरं की नुसतं बरं,
ते संध्याकाळी त्यांच्या तोंडावरूनही कळलं नाही.
आईनं शिरा केला. शिऱ्याला कारण विचारत नाहीत.

रात्री थेंब टाकून झाल्यावर झोप येईना.
कप्पीवरच्या दोन वजनांचा तो प्रश्न
मे महिन्यापासून छताला टांगलेला होता.
एकीकडे तीन किलो, एकीकडे दोन.
आता तो सोडवून कुणाला दाखवायचा नव्हता.
उठले. फीच्या पावतीच्या पाठीवर मांडला.

चोवीस न्यूटन. पर्याय क.
तेव्हा मी ब रंगवला होता.
दोरी एकच असली की
ताण दोन्हीकडे सारखाच असतो,
एवढंच विसरले होते.